तो मांडवाबाहेर थांबेल

वेसावे, ३ नोव्हेंबर २०२४
भाऊबीज

द्रौपदीआक्का,

नेत्राने पत्रिका आणि तुमची चिठ्ठी दोन्ही दिली. फोनवर माझा आवाज आला की तुम्ही ठेवता, म्हणून लिहितेय. मला लिहायची सवय नाही. शाळेत इतकी वर्षं लिपिक होते, तेव्हाही मुख्याध्यापकांनी सांगितलेलंच लिहिलं.

नेत्राची हळद सात डिसेंबरला जुन्या घरी आहे हे कळलं. मामाचा आहेर मी आणीन. हे जाऊन वर्षसुद्धा झालेलं नाही, तेव्हा मी यावं की नाही असं मनात होतं. पण तुम्हीच लिहिलंत, "देवदत्त नाय तर तू आन. बँड वाजत आला पाहिजे. तो नको." 'तो' कोण हे मला विचारावं लागलं नाही.

कृणाल येणार नाही. मी त्याला सांगते.

आज पाट मांडला नाही. तुम्ही कांदिवलीला गेल्यापासून दर भाऊबीजेला हे पाट मांडून बसायचे, दुपारपर्यंत. मग स्वतःच उचलून ठेवायचे. मी म्हणायचे, कशाला मांडता, त्या येणार नाहीत. ते म्हणायचे, "ती नाय येणार. मी बसणार." श्रावणात ते गेले तेव्हा तुम्ही आलात आणि शेवटपर्यंत दाराशी उभ्या राहिलात, कारण आत कृणाल त्यांच्या पायाशी बसला होता. मी पाहिलं होतं. त्याला ऊठ म्हणायला हवं होतं की नको, मला अजून कळत नाही.

या माणसांना घरात आणायचं मी कधी ठरवलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत असावं. तुरुंगात बँड शिकवायला मास्तर पाहिजे म्हणून निरोप आला, हे दर शनिवारी जायला लागले. पहिल्या शनिवारी परत आले आणि जेवले नाहीत. खूप दिवसांनी सांगितलं की तिसऱ्या रांगेत प्रज्योतला मारणारा मुलगा बसला होता. आपल्या भाच्याला मारणारा, कृणाल. मी म्हटलं, मग आता जाऊ नका. पुढच्या शनिवारी ते गेले.

पुढे सुटलेली माणसं आमच्या जाळ्यांच्या खोलीत सरावाला येऊ लागली. मी चहा द्यायचे आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचे. एवढंच.

नंदा


वेसावे, १२ नोव्हेंबर

द्रौपदीआक्का,

कृणालला सांगितलं. तो बर्फाच्या कारखान्यातून थेट सरावाला येतो, कपडे ओले असतात. मी म्हटलं, नेत्राच्या हळदीला तू नकोस. तो लगेच म्हणाला, "बरोबर हाय, काकी." इतक्या लगेच, की मला बरं वाटलं. ते चुकलं.

दुसऱ्या दिवशी तो सरावाला आला नाही. त्यानंतरही नाही.

तुम्ही तुमच्या भावाचा बँड हल्ली पाहिला नाही, म्हणून सांगते. त्यांचा एक नियम होता. सगळे आल्याशिवाय कोणी वाद्याला तोंड लावायचं नाही. एक जण उशिरा आला तर बाकीचे बसून राहायचे, त्याच्या नावाने शिव्या घालत. आल्यावर तोंडावर घालत. मला हा वेडेपणा वाटायचा. मी विचारलं तर म्हणाले, "नंदा, यांना नोकरी कोणीतरी देतं. खोलीपण मिळते. पण आपण गेलो नाही तर कोणाचं तरी अडतं, हे यांना कोणी दिलेलं नाही."

तर आता माणसं येतात, बसतात आणि वाजवत नाहीत. काल धोंडिरामला म्हटलं, अरे, तुम्ही तरी सुरू करा. धोंडिराम झांजा वाजवतो. घरफोडीत आत होता, तोंडाने फटकळ आहे. म्हणाला, "काकी, मास्तरचा नियम हाय."

"मास्तर नाहीत आता."

"म्हनून तर. नियम तरी राहू दे."

"सात तारखेला आहेर आहे. मग मी काय ताटली वाजवत जाऊ?"

"तुमी वाजवा, मी नाचतो. नायतरी आयुष्यात पहिल्यांदा कोनाच्या घरात दरवाजातून जानार होतो. तेपन ऱ्हायलं."

सगळे हसले. मीपण हसले असते. पण दाराजवळच्या खुर्चीवर कृणालचं ट्रंपेट ठेवलेलं होतं आणि ते कोणी हलवत नव्हतं.

आज सकाळी बर्फाच्या कारखान्यात गेले. मुकादम म्हणाला, चार दिवस झाले, कृणाल आलाच नाही. मग बंदरावर गेले. डिझेलच्या टपरीमागे तो बसलेला दिसला. कोणाबरोबर ते लिहीत नाही. त्याच्या आधीच्या दिवसांतले लोक आहेत, तुम्ही नावाने ओळखता. ते डिझेल इकडचं तिकडे करतात, आणि डिझेलच नव्हे. मला बघून तो उठला, पण पुढे आला नाही. मी चिखलातून पलीकडे गेले.

म्हटलं, "काम सोडलंस?"

"बर्फ फोडायला कोनीपन मिळंल, काकी."

"आणि वाजवायला?"

मागून एकाने हाक मारली, "ए, बँडमास्टर! काकी न्यायला आल्या, जा घरी, गृहपाठ कर!" बाकीचे हसले. तोही हसला, आक्का. त्याचं ते हसणं मला आवडलं नाही. तो त्यांच्या बाजूने हसला.

मी घरी आले. दुसरा बँड बघू म्हणून तीन ठिकाणी विचारलं, त्या दिवशी कोणी मोकळा नाही. पण खरं सांगते, कोणी हो म्हणालं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. मामाच्या घरचा बँड असताना दुसऱ्याच्या बँडमागून आहेर घेऊन चालायचं, आणि घरचा बँड खोलीत मुका बसलेला.

मी त्याला परत बोलावणार आहे. हळदीला आणीन असं म्हणत नाही. सरावाला बोलावणार आहे. तुम्हाला न सांगता करायचं नव्हतं.

नंदा


वेसावे, २१ नोव्हेंबर

द्रौपदीआक्का,

तुमची चिठ्ठी मिळाली. "त्याला आनलास तर दार लावून घेईन. मग आहेर समुद्रात टाक." वाचून घडी घातली आणि देवाजवळ ठेवली.

लग्नासाठी घर रंगवायला काढलंय, म्हणून मिहिर हल्ली कामावरून सुटला की इकडे येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. रंगाऱ्यांचं काम झाल्यावर तो कुठे असतो, ते कदाचित ठाऊक नसेल. आमच्या समोरच्या गल्लीच्या तोंडाशी बाइकवर बसलेला असतो. सरावाच्या वेळी. मोबाईल बघत नाही, सिगारेट ओढत नाही. खोलीच्या दाराकडे बघत बसतो.

कृणाल आता परत येतो. मी दोनदा बंदरावर गेले, तेव्हा आला. त्याच्या हातात ट्रंपेट देऊन मी म्हटलं, सगळे थांबलेत. तो म्हणाला, "काकी, मी नसलो तर मिहिरचं डोकं शांत राहील." मी म्हटलं, आणि तुझं?

परवा मीच मिहिरसाठी चहा घेऊन बाहेर गेले. त्याने कप घेतला, प्यायला नाही.

"मामी, तो पुढे चालनार?"

"अजून ठरलं नाही."

"ठरव लवकर. मलापन ठरवायचंय."

"काय ठरवायचंय?"

"तू मला लहानपनी दूध पाजलंयस, म्हनून बोलत नाय." मग कप माझ्या हातात परत दिला. "मामाला काय मिळालं रे बाबा, असं मी लय विचार केला. माझ्या भावाला मारला त्याला बाजा शिकवला. माझ्या भावाला काय शिकवनार होता? तो तर गेला."

मी कप घेऊन आत आले. आक्का, प्रज्योत गेला त्या शिमग्याला मिहिर चौदा वर्षांचा होता आणि होळीच्या जागेवर प्रज्योतच्या शेजारी उभा होता. धक्काबुक्की कशावरून झाली ते आजसुद्धा कोणी धड सांगू शकत नाही. कृणालच्या हातात वल्हं होतं, त्याने ते एकदाच फिरवलं. कृणाल तेव्हा एकोणीस वर्षांचा. मिहिर आता पंचवीसचा आहे. सात तारखेला त्या गल्लीत एकदाच काही फिरलं, तर पुन्हा कोणाच्या तरी मुलाला दर शनिवारी कोणीतरी भेटायला जाईल. तुम्हाला दोन मुलगे होते. या विचाराने मला झोप लागत नाही.

एक गोष्ट सांगते. तुमच्या भावाने मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सांगितली. तुमच्या डाव्या हाताची करंगळी होडीच्या दोरात गेली असं घरात सगळे म्हणतात. दोर कोणाच्या हातून सुटला ते तुमच्या वडिलांनी खूप विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, आपोआप सुटला. हे तेव्हा नऊ वर्षांचे होते. तुम्ही तेरा. दोर त्यांच्या हातात होता. पाखरू बघत होते म्हणे.

ते म्हणाले, "ती सांगती तर बाबाने मला परत होडीवर घेतला नसता. मग मी बंदरावर वाजवणाऱ्यांच्यात बसलो नसतो. बँडच नसता." एवढंच सांगितलं. मी त्याचा कृणालशी काही संबंध लावला नाही. त्यांनीही लावून दाखवला नाही. दर भाऊबीजेला ओवाळताना ते तुमच्या हाताकडे बघायचे, तुमच्या तोंडाकडे नाही, हे तुमच्या कधी लक्षात आलं होतं का?

बोट आणि मुलगा एक नाही. मला तेवढं कळतं.

माझं म्हणणं असं. तो बँडच्या पुढे चालेल. मांडवाच्या तोंडाशी आला की थांबेल. आत येणार नाही, जेवणार नाही, तुमच्या समोर येणार नाही. आहेर मी आत आणीन. नेत्राला तिच्या मामाने शब्द दिला होता की तुझ्या दारात माझा बँड वाजेल. तो बँड कृणालशिवाय उभा राहत नाही, तुमच्या भावाने तो तसाच बांधून ठेवलाय. मी सोडवायला गेले तर सगळाच सुटतो.

तुम्ही नाही म्हणालात तर मी एकटी येईन, डोक्यावर परात घेऊन, बिनवाजता. पण मग त्या पोराला पुन्हा बंदरावरून आणायचं बळ माझ्यात नाही, हेही लिहून ठेवते.

नंदा


वेसावे, ५ डिसेंबर

द्रौपदीआक्का,

तुमचं उत्तर आलं नाही. नेत्राला विचारलं, ती म्हणाली, "आईने वाचलं. दोनदा वाचलं. मग बोंबील निवडत बसली." याला हो समजू की नाही?

कपडे इस्त्रीला दिलेत. पांढरे कोट, यांनी शिवून घेतलेले. यांचा स्वतःचा कोट मी कृणालला दिला. खांद्यात थोडा सैल आहे.

होळीच्या जागेशी बँड बंद होईल, हे तुम्हाला माहीत असेलच. प्रज्योत गेल्यापासून यांनी तिथे कधी वाजवलं नाही. लग्न असो, पालखी असो, त्या वळणापासून देवळापर्यंत सगळे मुक्याने चालतात. बाहेरगावचे लोक विचारतात, बँडवाले दमले काय. परवाही तसंच करायचं ठरलंय.

आज मिहिर समोर नव्हता. कालही नव्हता. इतके दिवस तो बसायचा तेव्हा मी घाबरायचे. आज गल्लीचं तोंड रिकामं होतं आणि मी सारखी बाहेर येऊन बघत होते. धोंडिराम म्हणाला, "काकी, हळद हाय, मयत नाय. जरा हसा." पण तोही दोनदा दाराशी जाऊन बघून आला.

कृणालला मी म्हटलं, अजून वेळ आहे, तुला नको असेल तर नको. तो म्हणाला, "तुमी न्याल तर येतो. मिहिर पुढं आला तर मी हात उचलनार नाय. तेवढं तुमी आक्काला सांगा."

म्हणून सांगतेय. तुमच्या मुलाला घरात ठेवता आलं तर ठेवा.

नंदा


वेसावे, १० डिसेंबर

द्रौपदीआक्का,

लग्न छान झालं. नेत्रा सासरी जाताना माझ्या गळ्यात पडली तेव्हा तुम्ही बघत होतात. आपण दोघी चार दिवस एका मांडवात होतो आणि आहेर घेताना तुम्ही "आलीस" म्हणालात, तेवढंच आपलं बोलणं. बाकीचं लिहून सांगते. गल्लीत काय झालं ते तुम्हाला कोणी नीट सांगितलं नसेल. मिहिर तर सांगणार नाही.

आम्ही बंदराकडून निघालो. पुढे कृणाल, मागे बँड, त्याच्यामागे आम्ही बायका, डोक्यावर आहेराच्या पराती. पोरं नाचत होती. होळीच्या वळणाशी कृणालने ट्रंपेट खाली घेतलं आणि सगळे बंद झाले. नाचणारीही थांबली. फक्त पावलांचा आवाज.

वळलो तर गल्लीच्या मधोमध मिहिर उभा. नवा कुर्ता, कपाळाला हळद, आणि हातात वल्हं.

बायकांतून कोणीतरी "आई गं" म्हणालं. माझ्या डोक्यावर परात होती, ती मी दोन्ही हातांनी धरली होती. मी खाली ठेवू शकले असते. ठेवली नाही. धोंडिराम पुढे जायला लागला तर कृणालने हाताने त्याला मागे ढकललं. मग ट्रंपेट त्याच्याकडे दिलं आणि चार पावलं पुढे जाऊन उभा राहिला. हात खाली. म्हणाल्याप्रमाणे.

मिहिर त्याच्याकडे बघत होता. वरच्या खिडकीतलं कोणाचं तरी तान्हं रडत होतं, ते ऐकू येत होतं.

मग मिहिर म्हणाला, "बंद का केलंस?"

"इथं वाजवत नाय." कृणाल म्हणाला.

"कोनी सांगितलं?"

"मास्तरनी. प्रज्योतसाठी."

"दादाला विचारलं का कोनी?" मिहिर ओरडला. "अकरा वर्सं सगळे त्याच्या बाजूनं मुके जातात. जसा काय तो रोग हाय. त्याला बँड लागायचा! घरात जेवायला नाय यायचा, बँडच्या मागे जायचा! बहिनीची हळद हाय त्याच्या, आन तू त्याच्यापुढं मुका जातोस?"

मिहिरने वल्हं जमिनीला टेकलं.

"वाजव," मिहिर म्हणाला. "मी तुला सोडलेला नाय. वाजव."

कृणालने ट्रंपेट घेतलं. पहिला सूर आलाच नाही, नुसती हवा आली. मागून धोंडिराम हळूच म्हणाला, "थुंकी गिळ, भाड्या," आणि झांज मारली. मग आला. तुमचे भाऊ आहेराला नेहमी जे वाजवायचे तेच. त्या वळणावर ते मी अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मिहिर गाणं पूर्ण होईपर्यंत वल्हं जमिनीला टेकून उभा होता, डोळे मिटून. नाचला नाही. मग बाजूला झाला आणि आम्हाला वाट दिली.

पण तो निघून गेला नाही. कृणालच्या मागे, अगदी पाठीला लागून, वल्हं खांद्यावर घेऊन तो तुमच्या दारापर्यंत चालला. कृणालने एकदाही मागे पाहिलं नाही. मी त्या दोघांच्या पाठी बघत चालत होते, आणि माझं लक्ष वल्ह्यावरून हललं नाही. तुम्ही मांडवात माझ्या डोक्यावरची परात उतरवलीत तेव्हा म्हणालात ना, "हात गार का पडलेत तुझे?" नाही, हे तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही नुसता हात धरून सोडलात. पण मला तसं ऐकू आलं.

कृणाल मांडवाबाहेर थांबला, ठरल्याप्रमाणे. मी आत आले. पुढे धवलारीण हळदीची गाणी गायला बसली, देवांना बोलावून झालं, मग तुमच्या घरातल्या गेलेल्यांना नावाने हळदीला बोलावायला लागली. सासरे, सासू, तुमचे मालक. माझ्या घरचं नाव घेतलं, देवदत्त. मग ती थांबली, कारण इतकी वर्षं तुम्ही प्रज्योतचं नाव या यादीत घेऊ दिलेलं नाही. सगळ्या बायका तुमच्याकडे बघायला लागल्या आणि तुम्ही तिथे नव्हता. हळदीची वाटी तशीच पाटाजवळ होती. थोड्या वेळाने तुम्ही बाहेरून आलात, बसलात आणि धवलारणीला म्हणालात, "थांबलीस का? माझ्या पोराचं नाव घे."

मला वाटलं, तुम्ही रडायला बाहेर गेला होतात.

काल कृणाल कोट परत घेऊन आला, धुऊन आणतो म्हणत होता, मी म्हटलं राहू दे, मी धुते. त्याने घडी उलटी घालून दिली होती. तो गेल्यावर मी उघडली. छातीवर डाव्या बाजूला हळदीचा पंजा आहे, आख्खा हात. अंगठा आणि तीन बोटं. करंगळीच्या जागी कोरं.

मी त्याला मागून हाक मारली. विचारलं, त्या काय म्हणाल्या? तो म्हणाला, "काय नाय बोलली. हात ठेवला न गेली."

"ढकललं की ठेवला?"

तो म्हणाला, "जोर होता, काकी. मी एक पाऊल मागे गेलो. पन हात लगेच नाय काढला."

आक्का, मी तुम्हाला विचारत नाही ते काय होतं. कदाचित तुम्हालाही ठाऊक नसेल. कृणाल आजपासून बर्फाच्या कारखान्यात परत गेला. मुकादमाने दोन शिव्या घालून घेतला. मिहिरचं वल्हं अजून तुमच्या मांडवाच्या खांबाला उभं आहे, मांडव सोडणारे लोक विचारत होते कोणाचं आहे. मी म्हटलं, असू द्या, तो नेईल.

कोट मी धुतलेला नाही. जाळ्यांच्या खोलीत खुंटीला लावलाय, बाहेरून दिसणार नाही असा. धुवायचा का ठेवायचा, हे मी ठरवणार नाही आणि तोही नाही. तुम्ही येऊन सांगा. सराव सातला असतो. तोवर त्याला धोंडिरामचा जुना कोट दिलाय. बाह्या आखूड होतात, पण वाजवता येतं.

नंदा